कुंडीला भोक का असतं? कृष्णाकाठच्या पांढऱ्या थराची गोष्ट

बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं होतं, की किल्ले झाले, पेठा झाल्या, आता एखादा एपिसोड घरातल्या रोजच्या गोष्टीवर कर. म्हणून आजचा विषय आहे कुंडी. हसू नका. बाल्कनीतल्या कुंडीला पाणी आणि खत घालण्याचा इतिहास सांगायला बसलो, तर तो सातारा-सांगलीच्या रानात जाऊन पोचतो. कसा ते ऐका. ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये मी एक पीस लिली आणली. सोबत ऑनलाइन मागवलेली एक पांढरी, गुळगुळीत, देखणी कुंडी. तिला खाली भोक नव्हतं. मला वाटलं, बरंच झालं, फरशी खराब होणार नाही. रोज सकाळी स्टँडअप मीटिंगच्या आधी अर्धा लिटर पाणी आणि दर रविवारी पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ खत. पाच-सहा महिन्यांत पानांची टोकं करपली, झाड मान टाकू लागलं आणि मातीवर पांढरट, कुरकुरीत थर आला. मला वाटलं पाणी कमी पडतंय. मी दोन वेळा घालायला लागलो. झाड आणखी सुकलं.

तेवढ्यात गावाहून मामा आला. आजोळ माझं वाळवा तालुक्यातलं, जिल्हा सांगली. मामानं कुंडीत बोट घातलं, पांढरा थर नखानं उकरला आणि म्हणाला, "आरं, ही तर आपल्या खालच्या पट्टीगत झालीया की!"

खालची पट्टी म्हणजे आमच्या आबांची ओढ्याकडेची जमीन. लहानपणी मी तिथं ऊस बघितलाय. आता उन्हाळ्यात गेलात तर लांबून वाटतं कुणी चुना फेकलाय. क्षारपड जमीन. मामाच्या एका वाक्यानं माझ्या डोक्यात दिवा लागला. बारा इंची कुंडीत सहा महिन्यांत मी जे केलं, तेच कृष्णेच्या खोऱ्यात दीडशे वर्षांत झालंय. ती गोष्ट आज सांगतो.

पाणी महाग होतं तेव्हा

साताऱ्याहून पुण्याकडे निघालात तर सोळाएक किलोमीटरवर लिंब नावाचं गाव लागतं. तिथली बारामोटेची विहीर तुम्ही रील्समध्ये नक्की बघितली असेल. वरून अष्टकोनी, आत उतरायला दगडी जिना आणि पोटात चक्क महाल. शिलालेखानुसार शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. छत्रपती शाहू महाराजांचा काळ. फोटो काढताना एक गोष्ट सगळे विसरतात, की हे बांधकाम झाडांना पाणी घालण्यासाठी होतं. भोवतीच्या आमराईला इथून पाणी जायचं.

आता ते पाणी वर कसं यायचं बघा. मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी. ती नाड्याला बांधून विहिरीत सोडायची, बैलजोडी धावेवरून उताराला चालवायची, मोट वर आली की थारोळ्यात पाणी ओतलं जायचं आणि तिथून पाटानं झाडापर्यंत. एका मोटेला एक बैलजोडी आणि एक माणूस. बारा मोटा म्हणजे चोवीस बैल. पहाटे सुरू केलं तर ऊन चढेपर्यंत बैल दमायचे.

म्हणजे पाण्याला मर्यादा होती आणि ती मर्यादा बैलाच्या खांद्यावर होती. खताचंही तसंच. शेणखत किती, तर दावणीला जनावरं जितकी. कुणी मनात आणलं तरी जमिनीला जास्त पाणी किंवा जास्त खत घालणं परवडणारंच नव्हतं. जुनी माणसं आपल्यापेक्षा शहाणी होती असं मी म्हणत नाही. दुष्काळ पडला की हीच मर्यादा माणसांच्या जिवावर उठायची. पण एक चूक करायची सोयच त्यांच्याकडे नव्हती. ती सोय आली ब्रिटिश काळात.

कालवा येतो

१८६०च्या दशकात कराडजवळ खोडशीला कृष्णेवर बंधारा बांधला गेला आणि तिथून कृष्णा कालवा निघाला. कराडपासून खाली वाळवा-तासगावच्या बाजूला पाणी जायला लागलं. पुढे १८८५ला नीरा डावा कालवा सुरू झाला. नीरा नदी म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्याची उत्तरेची हद्द. नंतर नीरेचा उजवा कालवाही आला आणि फलटणच्या रानात पाणी फिरलं.

दुष्काळी दख्खनला हे वरदानच होतं. १८७६-७८चा भयानक दुष्काळ लोकांच्या डोळ्यांसमोर होता. पण कालव्याच्या पाण्याची आकारणी कशी व्हायची? किती लिटर घेतलं यावर नाही, तर कुठलं पीक किती एकरांवर आहे यावर. आपल्या भाषेत सांगायचं तर अनलिमिटेड डेटा प्लॅन. एकदा पैसे भरले की कमी वापरून फायदा काय? बैल दमत नाही, नाडा तुटत नाही, बारे मोडून दिले की पाणी आपोआप रानात.

आणि मग जमिनी पांढऱ्या पडायला लागल्या. कालवा सुरू होऊन पंचवीस वर्षं होतात न होतात, तोच १९१० साली पुण्याच्या शेती महाविद्यालयातले रसायनशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. हेच मॅन पुढे पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध झाले. होय, तेच पिंपळे सौदागर, जिथं आज आयटीवाले पार्किंगवरून भांडतात. मॅन-ताम्हण्यांनी नीरेकाठी जे बघितलं ते सोप्या शब्दांत असं: वरून पाणी येतंय, पण खालून जायला वाट नाही.

सरकारलाही काळजी लागली. १९१६ला सिंचनाच्या अभ्यासासाठी एक खास विभाग सुरू झाला. क्लॉड इंग्लिस नावाच्या इंजिनिअरचं नाव त्याच्याशी कायमचं जोडलं गेलंय. जमिनी पाणथळ का होतात, चर कुठं खोदायचे, ऊस कुठल्या जमिनीत घ्यावा आणि कुठल्या जमिनीत घेऊ नये, यावर दख्खनच्या कालव्यांवर कामं झाली. हाच विभाग वाढत वाढत आज खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था झालाय. सिंहगडाला जाताना तिच्या बोर्डावरून तुम्ही शंभर वेळा गेला असाल. एवढ्या मोठ्या संस्थेच्या मुळाशी असलेला प्रश्न आपल्या कुंडीचाच: पाणी दिलं ते ठीक, पण उरलेलं जातं कुठं?

थोडं विज्ञान, थोडा हिशोब

हा पांढरा थर येतो कुठून? पाण्यातूनच. कुठलंही नदीचं, विहिरीचं, बोअरचं पाणी शुद्ध नसतं. त्यात थोडे क्षार विरघळलेले असतात. झाड पाणी पितं, ऊन पाणी उडवतं, पण क्षार काही उडून जात नाहीत. ते मातीतच राहतात.

हिशोब करूया. समजा तुमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस ५०० आहे, म्हणजे एका लिटरमध्ये अर्धा ग्रॅम क्षार. रोज अर्धा लिटर पाणी घातलंत तर वर्षाला १८०च्या वर लिटर. म्हणजे वर्षाला सुमारे ९० ग्रॅम क्षार एका कुंडीत. भोक नसेल तर सगळेच्या सगळे आत. चांगली मूठभर होतात. कोडिंगवाल्यांनो, याला आपण मेमरी लीक म्हणतो. रोज थोडंसं साठतं, कुणाचं लक्ष जात नाही आणि एक दिवस सिस्टीम कोसळते.

आता हेच रानाला लावा. उसाला पाटानं पाणी देताना वर्षाला २००० मिलिमीटरच्या पुढे पाणी सहज जातं. २००० मिलिमीटर म्हणजे एकरी जवळपास ८१ लाख लिटर. पाणी चांगलं आहे, लिटरला फक्त ०.२ ग्रॅम क्षार आहेत असं धरलं, तरी एकरी दीड टनाच्या वर क्षार दर वर्षी. निचरा चांगला असेल तर पावसाचं पाणी ते धुऊन खाली नेतं. पण आपली काळी माती भारी असते, पाणी धरून बसते. वरून सतत पाणी दिलं की भूजल वर चढतं. ते जमिनीच्या पृष्ठभागापासून चार-पाच फुटांवर आलं की मातीच्या बारीक छिद्रांमधून, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं, खारं पाणी वर चढत राहतं. वर ऊन आहेच. पाणी उडतं, मीठ उरतं.

आणि सगळ्यात वाईट भाग पुढे आहे. मातीतलं पाणी खारट झालं की मुळांना ते ओढून घेता येत नाही. म्हणजे पाणी आहे, पण झाड तहानलेलं. पानं मान टाकतात, टोकं करपतात. बघणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून तो आणखी पाणी देतो. भूजल आणखी वर, मीठ आणखी जास्त. मी पीस लिलीला दोन वेळा पाणी घालायला लागलो ते याच फसगतीतून. आबाही खालच्या पट्टीला जास्तीची पाळी द्यायचे. मामा सांगतो, "आबास्नी वाटायचं, ऊस पिवळा पडलाय म्हंजी तहान लागलीया."

हे फक्त आपल्याकडे झालं असंही नाही. आजच्या इराकच्या दक्षिण भागात, सुमेरी संस्कृतीत, आधी गहू आणि सातू दोन्ही पिकायचे. हळूहळू गहू मागे पडत गेला आणि मीठ जास्त सोसणारा सातू तेवढा उरला. १९५८ साली जेकबसेन आणि अॅडम्स या दोन अभ्यासकांनी मांडलं, की याचं एक मोठं कारण कालव्यांच्या पाण्यानं खारावलेल्या जमिनी हे होतं. त्या मांडणीवर पुढे वाद झाले, पण पाणी आणि मीठ यांचं नातं चार-पाच हजार वर्षं जुनं आहे, हे मात्र खरं.

मग खताची गोणी आली

आता खताकडे येऊ. १८४० साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लिबिग यांनी ठासून सांगितलं, की झाडाला मातीतून खनिजं लागतात आणि जे सगळ्यात कमी आहे, तेच वाढ अडवतं. पिंपाची एक फळी बुटकी असली तर पाणी तिथूनच सांडणार, तसं. १९०९ला फ्रिट्झ हाबरनं हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला आणि १९१३ला कार्ल बॉशनं त्याचा कारखाना उभा केला. भारतात सिंद्रीचा सरकारी खत कारखाना १९५१ला सुरू झाला आणि १९६०च्या दशकात मुंबईत ट्रॉम्बेचा. तिथलं 'सुफला १५:१५:१५' हे नाव सांगलीत शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. आकड्यांचा अर्थ सोपा आहे. शंभर किलोमध्ये १५ किलो नत्र, १५ किलो स्फुरद, १५ किलो पालाश. माझ्या १९:१९:१९ची तीच भाषा, फक्त गोणीऐवजी पाऊच.

त्याच सुमारास कोयना धरण झालं, कृष्णेला बारमाही पाणी आलं, नदीवर मोटारी बसल्या, सहकारी पाणीपुरवठा संस्था निघाल्या, साखर कारखाने उभे राहिले. सांगलीच्या खेड्यांमध्ये पक्की घरं, शाळा-कॉलेजं आली ती या उसाच्या जोरावर. माझी आई शिकली ती उसाच्या बिलावर, आणि म्हणून मी बीटेक झालो. त्यामुळे ऊसवाल्यांना दोष देऊन मोकळं होणं मला जमत नाही. पण पाणी स्वस्त, खत स्वस्त, आणि दोन्हींवर धरबंध नाही, असं झाल्यावर वाळवा, पलूस, मिरज, खाली शिरोळपर्यंत नदीकाठच्या काळ्या जमिनी क्षारपड होत गेल्या.

एक बारकी गोष्ट ध्यानात घ्या. रासायनिक खतं विष नाहीत, पण पाण्यात विरघळून ती बहुतेक क्षारच होतात. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, आपल्या जेवणातल्या मिठाचं चुलत भावंड. झाडाला गरज तेवढं दिलं तर अन्न, जास्त दिलं तर मातीत साठलेल्या मिठात आणखी भर.

एका जिल्ह्याचे दोन टोक

सांगली जिल्ह्याची गंमत म्हणा, दुःख म्हणा, पश्चिमेला पाण्यानं जमिनी मेल्या आणि पूर्वेला आटपाडी, जत, कवठेमहांकाळला पाण्यावाचून. लोक टँकरची वाट बघत बसायचे. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, ते भरलं होतं मिरजेत. त्याच मिरज तालुक्यात जास्त पाण्यानं पांढरी पडलेली रानं होती.

आता टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांनी कृष्णेचं पाणी उचलून पूर्वेकडे नेलंय. आटपाडीच्या डाळिंबवाल्यांनी, तासगावच्या द्राक्षवाल्यांनी ठिबकवर बागा जगवल्या. थेंब थेंब हिशोबानं पाणी आणि त्यातूनच मोजकं खत. १९:१९:१९ आपल्या पाऊचमध्ये येण्याआधी या बागांच्या टाक्यांमध्ये पडत होतं. पण ठिबकवरही क्षार साठतातच, फक्त सावकाश, ओल्या गोलाच्या कडेला. पाणी नवीन ठिकाणी गेलं म्हणजे जुना धडाही सोबत जायला हवा. नाहीतर वाळव्यात झालं ते वीस-तीस वर्षांनी तिकडेही होईल.

भोक पाडायचं, पण कुणाच्या रानातून?

क्षारपड जमीन सुधारता येते. सांगलीजवळ कसबे डिग्रजला राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, तिथं याच जमिनींवर काम चालतं. उपाय मुळात कुंडीचाच: भोक पाडा. जमिनीत तीन-चार फुटांवर सच्छिद्र पाइप गाडायचे. जास्तीचं खारं पाणी त्यात झिरपतं, मोठ्या पाइपातून ओढ्याला जातं. चोपण जमीन असेल तर जिप्सम घालायचं, धैंचा पेरून गाडायचा आणि पाणी बेतानं द्यायचं. शिरोळला दत्त साखर कारखान्यानं गणपतराव पाटील यांच्या पुढाकारानं गावोगावच्या शेतकऱ्यांना एकत्र करून असे पाइप टाकले, आणि जिथं कुसळ उगवत नव्हतं तिथं परत ऊस उभा राहिला.

'एकत्र करून' हे शब्द सोपे वाटतात. माझ्या कुंडीला भोक पाडायला ड्रिल मशीन आणि दहा मिनिटं लागली. आबांच्या पट्टीला भोक पाडायचं तर पाइप ओढ्यापर्यंत न्यायला तिघांच्या रानातून जावं लागतं. एकाशी बांधावरून तीस वर्षांचं वैर. दुसरा म्हणतो, माझी जमीन चांगली आहे, मी का खणून देऊ? त्याला कोण सांगणार, की खारं पाणी सात-बारा बघून थांबत नाही. तिसरा भाऊबंद मुंबईला, फोन उचलत नाही. इंजिनिअरिंगचा प्रश्न सुटून बरीच वर्षं झाली, अडलंय ते माणसांत.

तर मग, तुमच्या कुंडीसाठी

आता कामाचं सांगतो. पहिलं, भोक नसलेली कुंडी वापरायची असेल तर ती बाहेरून शोभेला ठेवा. आत भोक असलेली साधी नर्सरीची कुंडी बसवा आणि खाली साचलेलं पाणी ओतून द्या. दुसरं, तळाला खडे टाकले की भोक लागत नाही हा गैरसमज आहे. पाणी खड्यांच्या वर, मातीतच अडून बसतं. तिसरं, घड्याळ बघून पाणी घालू नका. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच घाला, आणि घालाल तेव्हा खालून थोडं बाहेर येईपर्यंत घाला. ते बाहेर आलेलं पाणी वाया जात नाही, ते मीठ घेऊन जातं.

चौथं, खत पाकिटावरच्या मात्रेच्या निम्मंच द्या, झाड वाढत असेल तेव्हाच द्या आणि सुकलेल्या मातीत कधीच देऊ नका. पाचवं, पांढरा थर दिसला तर वरची माती बोटभर काढून टाका आणि कुंडीत मावेल त्याच्या दोन-तीन पट साधं पाणी सावकाश ओतून माती धुऊन घ्या. आरओ फिल्टरमधून बाहेर पडणारं पाणी मात्र झाडांना नको. सगळे क्षार गोळा होऊन त्यातच आलेले असतात. आणि सहावं, झाड सुकलेलं दिसलं की लगेच तांब्या उचलू नका. आधी माती बघा. ओल्या मातीत सुकणारं झाड पाणी मागत नसतं.

माझी पीस लिली वाचली. अर्धी पानं गेली, पण परवा नवं पान आलंय, टोक शाबूत असलेलं. फोटो मामाला पाठवला. त्यानं अंगठा टाकला आणि खाली लिहिलं, "आता पट्टीचं बघ." म्हणून येत्या दिवाळीत मी आणि मामा त्या तिघांकडे जाणार आहोत. मुंबईच्या भाऊबंदाला फोन लावायचं काम माझ्याकडे आहे. काय होतंय ते पुढच्या एखाद्या एपिसोडमध्ये सांगेनच.

तुमच्या गावात अशी पांढरी पडलेली जमीन असेल, किंवा कुणी पाइप टाकून ती परत पिकवली असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. घरातल्या मोठ्या माणसांना बोलतं करा, त्यांना तारखा नसतील आठवत, पण कुठल्या साली ऊस पिवळा पडला ते नक्की आठवतं. चला, भेटू पुढच्या भागात. तोवर पाणी जपून घाला. काळजी घ्या!